वर्गणी, मानधन आणि मोबदला : छत्तीसगडातील लेखकाच्या अर्थकारणाची सव्वाशे वर्षे

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भनपुरी ही वस्ती आहे. कारखाने, गोदामे आणि मालमोटारी यांसाठी ती ओळखली जाते. वाङ्मयाच्या इतिहासात तिचे नाव आढळत नाही. मात्र याच दिशेने, बिलासपूरच्याही पलीकडे, पेंड्रा हे गाव लागते आणि तेथे इ. स. १९०० च्या जानेवारीत एका मराठीभाषक तरुणाने हिंदी मासिक सुरू केले. लेखनाच्या बळावर उपजीविका होऊ शकते काय, आणि प्रकाशनाचे साधन आपल्या हाती आले म्हणजे ती होते काय, या प्रश्नाची छत्तीसगडातील पहिली गंभीर परीक्षा त्या मासिकाने दिली. आज भनपुरीतील एखाद्या कामगाराला हातातील मोबाइलवरून आपली कथा क्षणात प्रसिद्ध करता येते व तिच्यापासून चार पैसे मिळण्याची आशाही बाळगता येते. साधन पालटले आहे. प्रश्न फारसा पालटलेला नाही.

माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर असे फिरत फिरत झाले. पदवीधरास सरकारी नोकरी सहज मिळावी असा तो काळ. परंतु सप्रे यांनी ती वाट धरली नाही. पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक म्हणून ते राहिले आणि त्या वेतनातून जी शिल्लक पडली तिच्या आधारावर ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते, तर प्रकाशनाची जबाबदारी रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी पत्करली होती. तिघेही मराठी, आणि पत्र हिंदी. भोसल्यांच्या राज्यापासून या प्रदेशात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी हिंदीशी जे नाते जोडले होते, त्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. पेंड्र्यात छापखाना नव्हता. तेव्हा मजकूर पेंड्र्यात सिद्ध व्हावयाचा आणि छपाई प्रथम रायपुरात व नंतर नागपुरात व्हावयाची. बिलासपूर-कटनी लोहमार्ग १८९१ मध्ये खुला झालेला होता म्हणूनच हे शक्य झाले.

मासिकाच्या हिशेबाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. कागद, जुळणी, छपाई आणि टपाल हा खर्च अंकागणिक आधी करावा लागे. वर्गणी मागाहून येई, आणि पुष्कळदा येतच नसे. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास होते. त्यांतून हिंदी वाचणारे, त्यांतून मासिक विकत घेऊ शकणारे आणि त्यांतूनही नियमाने पैसे पाठविणारे किती उरत असतील, हे सांगावयास गणिती नको. तीन वर्षे हा व्यवहार तोट्यात चालवून डिसेंबर १९०२ च्या सुमारास मासिक बंद पडले. या अवधीत सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा (१९०१) तेथे आली, जिला हिंदीतील पहिल्या कथांमध्ये गणले जाते. हिंदीत पुस्तक-परीक्षणाची शिस्त घालून देण्याचे श्रेयही या मासिकाकडे जाते. वाङ्मयाच्या दृष्टीने एवढा लाभ आणि चालकाच्या पदरी केवळ तोटा, अशी ही विषम विभागणी होती.

त्याच महिन्यात अलाहाबादेहून ‘सरस्वती’ निघाली. ती टिकली, आणि ती का टिकली याचे उत्तर केवळ तिच्या संपादकांच्या योग्यतेत शोधणे पुरेसे होणार नाही. १९०३ पासून महावीरप्रसाद द्विवेदी यांनी रेल्वेतील नोकरी सोडून तिला आपले आयुष्य दिले हे खरे. परंतु तिच्या पाठीशी चिंतामणी घोष यांचा इंडियन प्रेस होता, आणि त्या छापखान्याला पाठ्यपुस्तकांचा धंदा होता. शालेय पुस्तकांच्या नफ्यावर साहित्याचे मासिक पोसले गेले. पेंड्र्यातील मासिकाच्या पाठीशी एका शिकवणीदार शिक्षकाचे वेतन होते. दोन्हींची गुणवत्ता तोलावयास बसणे यानंतर काहीसे अन्यायाचेच ठरेल.

महाराष्ट्रातही चित्र याहून वेगळे नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे शाळा, चित्रशाळा, छापखाना असे उद्योग त्यांना उभारावे लागले. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ पत्रातून (१८९०) क्रमशः वाचण्यासाठी वाचक आठवड्याची वाट पाहत. तथापि त्यांचे व्यावहारिक जीवन पुण्याच्या आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनावर उभे होते. वि. स. खांडेकर शिरोड्यास शिक्षक होते, आणि लेखणीने त्यांना आर्थिक मोकळीक मिळाली ती मुख्यतः चित्रपटकथांमुळे. ना. सी. फडके प्राध्यापक होते. मराठीत लेखक पुष्कळ झाले. लेखनावर जगणारे हाताच्या बोटांवर मोजावे लागतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या नावांना रहस्यकथेचा वास येतो म्हणून समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. बाबूराव अर्नाळकरांचा मान आपल्या वाङ्मयेतिहासात किती पानांचा आहे, हे एकदा पाहण्याजोगे आहे.

छत्तीसगडातील दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत, आणि गजानन माधव हिंदीत. नागपुरात आकाशवाणी आणि ‘नया खून’ साप्ताहिक अशी अस्थिर कामे केल्यावर १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना अध्यापनाची जागा मिळाली. उत्पन्नाला जोड म्हणून त्यांनी शालेय उपयोगाचे ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले. लेखकाला खात्रीचा पैसा देऊ शकणारे त्या काळातले जवळजवळ एकच साधन म्हणजे पाठ्यपुस्तक. १९६२ मध्ये मध्यप्रदेश शासनाने त्या पुस्तकावर बंदी घातली. बंदीचा विचार सामान्यतः विचारस्वातंत्र्याच्या अंगाने केला जातो, आणि तो योग्यच आहे; पण एका प्राध्यापकाच्या घरखर्चाच्या वहीत त्या बंदीने कोणती ओळ खोडली, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सप्टेंबर १९६४ मध्ये मुक्तिबोध वारले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला; तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या पार्श्वभूमीवर संगणकजालावरील प्रकाशनमंचांकडे पाहिले पाहिजे. ‘प्रतिलिपी’ हा मंच २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झाला व मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लेखकांना त्याने दार उघडले. २०१६ च्या अखेरीस ‘किंडल’वर मराठी पुस्तकांची सोय झाली. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ने मराठीत ध्वनिपुस्तके आणली. सप्रे यांना ज्या खर्चाने बुडविले तो कागद-छपाई-टपालाचा खर्च येथे लेखकावर पडत नाही, हे या मंचांचे खरे आणि मोठे वैशिष्ट्य होय. पेंड्र्याहून रायपूरपर्यंत मजकूर धाडण्याचा प्रश्न उरत नाही.

मोबदल्याचे गणित मात्र सावधपणे मांडावे लागते. समजा, दोनशे रुपये किमतीच्या छापील पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती निघाली आणि लेखकाला दहा टक्के स्वामित्वधन ठरले, तर संपूर्ण आवृत्ती खपल्यावर वीस हजार रुपये मिळतात. खपण्यास अनेक वर्षे लागू शकतात. किंडलवर लेखकाला ३५ किंवा ७० टक्के असे दोन दर आहेत. भारतातील विक्रीवर वरचा दर हवा असल्यास ते ई-पुस्तक अन्यत्र न विकण्याची अट स्वीकारावी लागते. शंभर रुपयांच्या ई-पुस्तकावर ७० टक्के धरले, कर व वितरणाची वजावट सोडून दिली, तर तेच वीस हजार रुपये सुमारे २८६ प्रतींत मिळतात. कागदावर हा हिशेब मोहक आहे. परंतु ते २८६ वाचक आणावयाचे कोणी? प्रकाशकामागे ग्रंथविक्रेते असतात आणि, विशेषतः मराठीत, ग्रंथालये असतात. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ चे. या व्यवस्थेतून होणारी खरेदी हा मराठी छापील पुस्तकाचा मोठा आधार राहिला आहे. एकट्याने प्रसिद्ध केलेल्या ई-पुस्तकाला असा आधार सहसा लाभत नाही.

याखेरीज दुसरा प्रकार आहे तो मासिक शुल्क भरून वाटेल तितके वाचण्याचा. त्यात २०१५ पासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या प्रमाणात पैसे मिळतात. पानाचा दर आधी ठरलेला नसतो. कंपनी दरमहा जो निधी जाहीर करील त्याच्या वाटणीतून तो निघतो. सप्रे यांना वर्गणीदार किती पैसे देणे लागतो हे ठाऊक असे आणि तो देत नसे. आजच्या लेखकाला पैसे बहुधा मिळतात, पण किती मिळतील हे आधी ठाऊक नसते. यांतील बरे कोणते, हे सांगणे अवघड आहे.

वाङ्मयप्रकारांवर होणारा परिणाम याहून महत्त्वाचा. पानांवर किंवा पुढील भागाच्या उत्सुकतेवर पैसे मिळू लागले की लांबलचक क्रमशः कथेला उत्तेजन मिळते. प्रतिलिपीवर पैसे भरून पुढचा भाग आधी वाचण्याची सोय आली तेव्हा ‘करमणूक’कालीन क्रमशः कादंबरीच नव्या वेषात परतली. प्रेम, भय आणि रहस्य यांच्या मालिका लिहिणाऱ्या, छापील नियतकालिकांनी कधी दारात उभे न केलेल्या गृहिणींना व लहान गावांतील तरुणांना या मंचांनी वाचक दिले, आणि काहींना उत्पन्नही. हा लाभ तुच्छ मानण्याचे कारण नाही. मात्र कवितेला, निबंधाला आणि ज्यासाठी ‘छत्तीसगढ मित्र’ आठवला जातो त्या समीक्षेला या हिशेबात जागा नाही. ज्याला महिन्याकाठी नवे भाग देता येत नाहीत अशा लेखकाने तेथे उत्पन्नाची अपेक्षा न ठेवणेच शहाणपणाचे.

हक्कांचा प्रश्न रायपुरातच ऐरणीवर आला. विनोदकुमार शुक्ल हे राजनांदगावचे, १९३७ साली जन्मलेले. मुक्तिबोधांच्या सहवासात आलेले. रायपूरच्या कृषी विद्यापीठात अध्यापन करून निर्वाह केलेले. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीस १९९९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. मार्च २०२२ मध्ये त्यांनी जाहीर तक्रार केली की, आपल्या गाजलेल्या पुस्तकांपासून मिळणारे स्वामित्वधन अत्यल्प आहे आणि काही पुस्तकांची ई-आवृत्ती आपल्या अनुमतीवाचून विकली जात आहे. प्रकाशकांनी या तक्रारीचा प्रतिवाद केला. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही; परंतु कायद्याची स्थिती लेखकांना माहीत असती तर असे वाद कमी झाले असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार करारात मुदत नमूद नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने असेही ठरविले की, करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारात रूढ नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय ते हस्तांतरणात धरले जाणार नाही. मंचावर ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर बोट ठेवणारा लेखकही एक करारच करीत असतो, आणि तो सहसा वाचलेला नसतो.

पुढे ती कादंबरी दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडून निघाली. समाजमाध्यमांवर तिची चर्चा पसरली आणि तरुण वाचकांनी ती मोठ्या प्रमाणावर घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूर येथील समारंभात शुक्ल यांना अवघ्या काही महिन्यांच्या विक्रीपोटी तीस लाख रुपयांचा धनादेश देण्यात आला. हिंदी साहित्यजगतात या रकमेविषयी कौतुकाइतकाच अविश्वासही व्यक्त झाला, यावरून अशा रकमेची सवय कोणाला नव्हती हे कळते. विक्री छापील पुस्तकाची होती; संगणकजालाने तिला वाचक मिळवून दिले होते. कादंबरी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची आणि लेखक अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला होता, आणि डिसेंबरात रायपुरातच त्यांचे निधन झाले.