रांड, रंडकी आणि एक आजार

कोल्हापुरी बोलण्यात 'रांडेच्या' रागानेही येते आणि मायेनेही. दोन्ही वेळा बोलणाऱ्याच्या मनात कुणी बाई नसते, पण शब्दात ती असतेच. संस्कृतातली 'रण्डा' म्हणजे विधवा. मराठीत तिच्यापासून 'रांड' आणि 'रंडकी' आल्या, वैधव्याला 'रांडाव' म्हटले गेले. त्याच 'रांड'चा दुसरा अर्थ वेश्या. नवरा गेलेली आणि बाजारात बसलेली, दोघींना भाषेने एकच नाव दिले. बायको गेलेला मात्र 'विधुर'. त्याची शिवी कधी झाली नाही.

एड्सच्या साथीत हे दोन्ही अर्थ एकाच बाईच्या वाट्याला आले. नवरा एचआयव्हीने गेला, की मागे राहिलेलीवरच बोट: हिनेच आणले असणार! प्रत्यक्षात बहुसंख्य विवाहितांना लागण नवऱ्याकडूनच झालेली.

रोगाचे मूळ बाईत शोधण्याची खोड जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'फिरंग' म्हणजे गरमीच्या रोगाच्या कारणांत फिरंगी स्त्रीचा संग सांगितला आहे. लैंगिक रोगांसाठीचा इंग्रजी शब्द 'व्हिनेरिअल' तर थेट व्हीनस देवीवरून आला. 1986 साली भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा मद्रासमध्ये मिळाला, तो धंदा करणाऱ्या बायकांच्या रक्तात. पुढे कितीतरी वर्षे लोकांच्या बोलण्यात एड्स म्हणजे तीच बाई. गिऱ्हाइकाचे नाव निघत नसे.

कोल्हापूरशेजारच्या सांगलीत धंदा करणाऱ्या बायकांनी 1996 साली स्वतःची संघटना उभारली आणि नाव ठेवले 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. 'वेश्या' हा शब्द 'वेश' म्हणजे वस्ती, घर यावरून आला. 'प्रवेश'ही त्याच 'विश्' धातूचा. त्यांनी तो शब्द झाकला नाही. मुक्ती मागितली ती अन्यायापासून. वस्तीत निरोध वाटण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले. रोग पसरवणारी म्हणून जिला हिणवले, तीच रोग अडवत होती.

सरकारी भाषेतही एक बदल मोलाचा झाला. बाळाला होणारी लागण रोखण्याच्या कार्यक्रमाच्या नावात भारताने 'मातेकडून' ऐवजी 'पालकांकडून' स्वीकारले. एका शब्दाने बाप हिशेबात आला. तरीही 'आईकडून बाळाला' हेच तोंडी बसले आहे. ते बदलायला हवे, कारण त्या आरोपाच्या भीतीने बाई तपासणीच टाळते. सरकारी केंद्रांत 2004 पासून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे मोफत मिळू लागली. उपचार हाताशी आहे, म्हणून तिला 'कुणाकडून आलं?' विचारू नये. 'गोळ्या वेळेवर मिळतात ना?' एवढे विचारावे.