वन्स मोअर आणि स्वगत : मराठी नाटकवेड्यांचा शेक्सपिअर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मराठी नाटकवेड्या प्रेक्षकांत दोन आवडी शेजारी शेजारी वाढल्या, आणि शेक्सपिअर मराठीत कसा रुजला हे समजून घेण्यासाठी त्या दोन्ही पाहाव्या लागतात. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगले, पुढे भाऊराव कोल्हटकरांचा चढा, धारदार गळा किर्लोस्कर मंडळीला लाभला, आणि नाट्यपद, म्हणजे पात्राने प्रसंगाच्या ओघात गायचे गीत, हेच अनेकांच्या लेखी नाटकाला जाण्याचे कारण ठरले. पद संपताच पिटातून, म्हणजे स्वस्त दराच्या जागांवरून, 'वन्स मोअर'ची आरोळी उठे. मग विरहाने व्याकूळ झालेली नायिका आपल्या जागी परतून तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा आळवी, कथानक तेवढा वेळ खोळंबे आणि प्रयोग रात्र सरेपर्यंत लांबे.

शेक्सपिअर मात्र मुख्यतः दुसऱ्या वाटेने आला. 1881 मध्ये स्थापन झालेली शाहूनगरवासी नाटक मंडळी गद्य नाटके करी, म्हणजे तिची सारी भिस्त पदांऐवजी संवाद आणि अभिनय यांवर होती. गोपाळ गणेश आगरकरांनी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात असताना हाती घेतलेले 'हॅम्लेट'चे रूपांतर 'विकारविलसित' या नावाने 1883 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, गणपतराव जोशी यांनी अजरामर केला. गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' हा 'ऑथेल्लो'चा अवतार होता, तर वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'त्राटिका' या नाटकात तोंडाळ नायिकेला वठणीवर आणणाऱ्या शेक्सपिअरच्या सुखात्मिकेला मराठी घर दिले. याच मंडळीतील बाळाभाऊ जोग यांच्या स्त्रीभूमिका गणपतरावांच्या तोडीस तोड मानल्या जात.

गणपतरावांना रसिकांनी अठराव्या शतकातील इंग्लिश नट गॅरिक याची उपमा दिली खरी, पण पिटात बसणाऱ्या बहुतेकांनी ना गॅरिक पाहिला होता ना मूळ 'हॅम्लेट' वाचले होते. त्यांच्यासमोर उभा होता तो मराठी चंद्रसेन, आणि त्याचे मोल त्यांनी आपल्याच रंगभूमीवरच्या नटांशी ताडून ठरवले. शेक्सपिअर केवळ विद्वानांच्या टेबलावर न राहता लोकांच्या बोलण्यात आला तो याच तुलनेमुळे. भाषांतरकारांच्या श्रमाइतकेच श्रेय या प्रेक्षकांना द्यावयास हवे, आणि ते फारच कमी वेळा दिले गेले आहे.

या रसिकांच्या गप्पांना इतिहासाचे साधन म्हणूनही मोल आहे. भाऊराव 1901 मध्ये निवर्तले आणि हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले ते 1902 मध्ये. त्यामुळे त्यांच्या आवाजाचा जो काही मागोवा घेता येतो, तो ऐकणाऱ्यांच्या आठवणींतूनच.

गद्याची बाजू पुढे किती बळावली हे वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये दिसते. 'किंग लिअर'शी नाते सांगणारे हे नाटक गोवा हिंदु असोसिएशनने 1970 मध्ये रंगभूमीवर आणले, आणि शेक्सपिअरच्या भूमिका गाजवून निवृत्त झालेल्या गणपतराव बेलवलकरांची त्यातील स्वगते, म्हणजे पात्राने स्वतःशीच केलेली भाषणे, एके काळच्या पदांसारखी लोकांना मुखोद्गत झाली. 2016 मध्ये नाना पाटेकरांना घेऊन त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा रंगभूमीवर डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले बेलवलकर थोर की पडद्यावरचे पाटेकरांचे, या वादाला नवे तोंड फुटले.