हजेरीपटापासून पोर्टलपर्यंत : भंडाऱ्यातली उमेदवारी आणि डिजिटल साधनं

पेट पास झाल्यावर सिनॉप्सिससाठी विषय शोधताना बरेच जण एका ठरलेल्या साच्यातलं शीर्षक लिहितात. ‘प्रौढ व्यवसाय प्रशिक्षणार्थींच्या अध्ययनातील डिजिटल साधनांची परिणामकारकता : एक चिकित्सक अभ्यास’. ऐकायला भारदस्त आहे. पण आरआरसीसमोर प्रश्न येतो : साधन नेमकं कोणतं, आणि ते मुळात कोणासाठी आणलं होतं? याचं उत्तर प्रश्नावली वाटून मिळत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. आज आपण भंडारा जिल्हा समोर ठेवून तसं मागे जाऊ या.

भंडारा का? कारण काम करता करता शिकण्याचे किती तरी प्रकार या एका जिल्ह्यात शेजारी शेजारी सापडतात. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. मोहाडी तालुक्यात कोशाचं विणकाम. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी. आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला 1964 साली उभी राहिलेली आयुध निर्माणी. ठोक्याच्या आवाजावरून पत्रा ओळखणारा कारागीर आणि मागावर धागा तुटण्याआधी हात थांबवणारा विणकर, दोघंही कामातूनच शिकले. त्या शिक्षणाची नोंद कुठल्या कागदावर नव्हती. ‘हा अमक्याच्या हाताखाली तयार झाला’ एवढं सांगितलं की पुरायचं. गाव ओळखीचं होतं तोवर हे प्रमाणपत्र चाललं.

कारखाना आला तशी कागदाची गरज पडली. आपल्याकडे उमेदवारीचा पहिला कायदा 1850 चा. तो मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांना एखादा धंदा शिकता यावा म्हणून केलेला होता. स्वातंत्र्यानंतर 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आला आणि चित्र बदललं. संशोधक म्हणून या कायद्याची दोन कलमं मुळातून वाचा. कलम 18 म्हणतं, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कलम 19 म्हणतं, उमेदवाराच्या प्रशिक्षणातील प्रगतीची नोंद मालकाने ठरवून दिलेल्या नमुन्यात ठेवायची. या दुसऱ्या कलमावर जरा थांबा. इथे नोंद ठेवणारा मालक आहे, आणि ती तपासणारा सरकारी अधिकारी. ज्याच्या शिक्षणाची ही नोंद, तो या वाटेवर कुठे उभा आहे?

खाणीतली गोष्ट थोडी वेगळी. 1966 च्या खाण व्यवसाय प्रशिक्षण नियमांनी खाणीत कामाला येणाऱ्या माणसाला आधी प्रशिक्षण आणि पुढे ठरावीक काळाने उजळणी बंधनकारक केली. ‘प्रौढांचं व्यवसाय शिक्षण’ हा शब्दप्रयोग आपल्या सिनॉप्सिसमध्ये येण्याच्या कितीतरी आधी खाण कामगार ते घेत होता. पण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये त्याचं नाव क्वचितच येतं, कारण तो ‘शिक्षण’ या शीर्षकाखाली सापडतच नाही. तो सुरक्षेच्या फाईलमध्ये असतो. स्रोत शोधताना ही गोष्ट लक्षात ठेवा : विषय शिक्षणाचा असला, तरी कागद दुसऱ्याच खात्यात असू शकतात.

आता संगणकाकडे या. महाराष्ट्रातल्या नोकरदार प्रौढांच्या आयुष्यात तो मोठ्या प्रमाणावर आला एमएस-सीआयटीमुळे. 2001 साली एमकेसीएल स्थापन झालं, त्यानंतर हा कोर्स तालुक्यातालुक्यात पोहोचला. सरकारी नोकरीशी आणि वेतनवाढीशी तो जोडला गेल्यामुळे शिक्षक, कारकून, ग्रामसेवक अशी मोठी माणसं माऊस हातात धरायला शिकली. पण नीट पाहिलं तर इथे संगणक हा शिकायचा विषय होता. लेथवरचं, भट्टीवरचं, मागावरचं काम त्याच्या मदतीने शिकणं ही अगदी निराळी गोष्ट. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये या दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या गेल्या आहेत का, तपासा.

कामाच्या जागेवरच्या शिक्षणात डिजिटल व्यवस्था शिरली ती 2014 च्या दुरुस्तीनंतर. तिने उमेदवारी कायद्यात ‘पोर्टल’ आणलं आणि करार, जागांची माहिती ऑनलाईन नोंदवण्याची सोय झाली. 2016 मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलू लागलं. 2023 पासून सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली. हे सगळं उपयोगाचं आहे. ग्रामीण भागातल्या पोराला जागा कुठे निघाली ते मोबाईलवर दिसतं, पैसे खात्यात येतात. पण क्रम बघा : करार, जागा, विद्यावेतन. डिजिटल झालं ते आधी रजिस्टर. आयटीआयसाठी ई-पुस्तकं आणि प्रश्नसंच देणारं ‘भारत स्किल्स’ 2019 मध्ये आलं, पण त्याचा भर वर्गातल्या अभ्यासावर. प्रत्यक्ष कामाच्या टेबलापर्यंत पडदा पोहोचता पोहोचता राहिला.

आणि काही ठिकाणी तर तो पोहोचूच नये. आयुध निर्माणीत रासायनिक संयंत्र चालवायला शिकणाऱ्या एओसीपी ट्रेडच्या उमेदवारांचं उदाहरण घ्या. धोकादायक उद्योगांशी संबंधित ट्रेडसाठी कायद्याने किमान वय 18 ठरवलं आहे, म्हणजे हा शिकणारा प्रौढच. स्फोटकं हाताळली जातात त्या इमारतीत मोबाईल नेता येत नाही. तिथे शिकणं म्हणजे जाणत्या माणसाशेजारी उभं राहून पाहणं, आणि काय करायचं नाही ते अंगात मुरवणं. 24 जानेवारी 2025 रोजी याच निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. अशा जागी ‘शिकणं’ हा शब्द हलक्याने वापरता येत नाही. त्यामुळे ‘डिजिटल साधनं जास्त म्हणजे शिक्षण चांगलं’ हे गृहीतक इथे दारातच अडतं. इथला खरा प्रश्न असा : दाराच्या आत पाहिलेलं बाहेर आल्यावर मांडायला, त्यावर बोलायला, चूक कुठे होऊ शकली असती ते समजून घ्यायला काही साधन आहे का?

सैद्धांतिक आधार हवा असेल तर जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं 1991 चं पुस्तक वाचा. त्यात अमेरिकेतल्या मांस कापणाऱ्या उमेदवारांचं उदाहरण आहे. दुकानाची मांडणीच अशी होती, की पॅकिंगच्या यंत्रावर बसवलेल्या पोरांना मुरलेल्या कारागिरांचे हात दिसतच नव्हते. वर्षं भरत होती, शिकणं होत नव्हतं. आपल्या हजेरीपटावर आणि पोर्टलवरही असा उमेदवार ‘उपस्थित’ दिसेल. उलट बाजूला स्वित्झर्लंडमधलं ‘रिअल्टो’ पाहा. तिथे उमेदवार कामावर काढलेले फोटो स्वतः टाकतो आणि शाळेत त्यावर चर्चा होते. हातातलं साधन तेच, मोबाईल. फरक एवढाच, की नोंद शिकणाऱ्यापासून सुरू होते.

यात पणाला लागलंय ते त्या चाळिशीच्या माणसाचं, ज्याच्या हातात वीस वर्षांचं काम आहे आणि खिशात कागद नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देण्याची तरतूद आहे. पण प्रमाणपत्रावर हात किती आला आणि किती सुटला, हे कोण पाहणार?

तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी प्रत्येक साधनाला, मग ते रजिस्टर असो, पोर्टल असो की ॲप, तीन प्रश्न विचारा. नोंद कोण करतं? ती कोण वाचतं? आणि वाचल्यावर उद्याच्या कामात काय बदलतं? तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर तुम्ही शिक्षणाच्या साधनाचा नाही, हिशेबाच्या साधनाचा अभ्यास करताय. तोही करण्याजोगा विषय आहे. फक्त मग शीर्षकात तसं लिहा, आणि ‘परिणामकारकता’ हा शब्द खोडून टाका.