जयविलास राजवाडा, जव्हार
पालघर जिल्ह्यात, डोंगराळ भागात असलेला मुकणे घराण्याचा राजवाडा. या महादेव कोळी घराण्याचे राज्य चौदाव्या शतकापासूनचे. घराण्याचा जुना राजवाडा जव्हार गावातच आहे. त्या जुन्या वास्तूला जोड न देता विसाव्या शतकात यशवंतराव मुकणे यांनी गावाबाहेरच्या टेकडीवर नवी वास्तू उभारली. गुलाबी छटेचा दगड, पाश्चात्त्य अभिजात धाटणीचे खांब व कमानी आणि त्यांवर भारतीय वळणाचे घुमट असा हा मेळ आहे. तटबंदीपेक्षा निवासाच्या सोयीला त्यात महत्त्व दिसते. भोवती काजूची झाडे आहेत. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.