गुरुत्वलहरी खऱ्या की कागदी? एका शंकेचा बर्न ते पुणे प्रवास

१/
डिसेंबर १९९७. पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या खगोलसंस्थेत देशोदेशींचे सापेक्षतावादाचे अभ्यासक जमले होते. निमित्त होते सामान्य सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण या विषयावरील पंधराव्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे, म्हणजेच ‘जीआर-१५’चे. १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवस ती चालली. ही परिषद भारतात प्रथमच भरत होती. मात्र तिची कथा पुण्यात सुरू होत नाही. ती सुरू होते खुद्द आइन्स्टाइन यांच्या मनातील एका शंकेपासून.

२/
१९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी सामान्य सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यातून एक निष्कर्ष काढला : प्रचंड वस्तुमानाच्या वस्तू वेगाने हलल्या, तर अवकाश-काळाच्या पटावर तरंग उठतील. याच गुरुत्वलहरी. परंतु त्या इतक्या क्षीण असणार होत्या की त्या कधी मोजता येतील, अशी आशा कोणालाच नव्हती. शिवाय एक मूलभूत प्रश्न होता. या लहरी निसर्गात खरोखर आहेत, की समीकरणे एका विशिष्ट पद्धतीने लिहिल्यामुळे कागदावर दिसणारा तो निव्वळ आभास आहे?

३/
१९३६ मध्ये आइन्स्टाइन यांचेच मत फिरले. नेथन रोझेन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी अशा लहरी अस्तित्वात नसल्याचा निष्कर्ष काढला आणि तो ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादकांनी तो एका परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने चूक दाखवली. आपला निबंध न विचारता दुसऱ्याला दाखवला, म्हणून आइन्स्टाइन संतापले आणि त्यांनी तो परत घेतला. पुढे चूक ध्यानात आल्यावर निष्कर्ष बदलून तो १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात छापला गेला. ते परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होते, हे जगाला कळायला २००५ साल उजाडले.

४/
एक लेखक, एक संपादक, एक अनामिक परीक्षक आणि बंद लिफाफे. शंका होती, पण ती चारचौघांत मांडून तिचा निकाल लावण्याची जागा नव्हती. सापेक्षतावाद हा त्या काळी भौतिकशास्त्राचा आडबाजूचा प्रांत मानला जाई. या विषयात काम करणारे मोजके होते आणि तेही देशोदेशी विखुरलेले.

ही कोंडी फुटली ती परिषदांमुळे.

५/
जुलै १९५५. स्वित्झर्लंडमधील बर्न शहर. याच शहरातील पेटंट कार्यालयात नोकरी करताना आइन्स्टाइन यांनी विशेष सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला होता. त्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही परिषद भरली. पण तीनच महिन्यांपूर्वी, १८ एप्रिलला, आइन्स्टाइन यांचे निधन झाले होते. या परिषदेत रोझेन यांनी जुनी शंका पुन्हा उपस्थित केली : या लहरी ऊर्जा वाहून नेतात असे मानायला आधार काय? उत्तर मिळाले नाही. मात्र आता तो प्रश्न सगळ्यांचा झाला होता.

६/
उत्तर मिळाले दीड वर्षाने, जानेवारी १९५७ मध्ये, अमेरिकेतील चॅपल हिल येथे. ब्राइस आणि सेसिल डीविट या दांपत्याने तिथे गुरुत्वाकर्षणावर परिषद योजली होती.

रिचर्ड फाइनमन एक दिवस उशिरा पोहोचले आणि परिषद नेमकी कोणत्या गावी आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी टॅक्सीवाल्यांच्या मुकादमाला एक खूण सांगितली : काल काही माणसे इथून गेली असतील, स्वतःच्याच तंद्रीत, आणि आपसात सारखी ‘जी म्यू न्यू, जी म्यू न्यू’ असे पुटपुटणारी. मुकादमाने त्यांना अचूक चॅपल हिलला रवाना केले! (‘जी म्यू न्यू’ हे सापेक्षतेच्या समीकरणांतील नित्याचे चिन्ह.)

७/
या परिषदेत फेलिक्स पिराणी यांनी दाखवले की लहर जाताना शेजारशेजारच्या दोन कणांमधील अंतर कसे बदलते, हे पाहिले पाहिजे. ते खरोखर मोजता येण्याजोगे आहे. त्यावर फाइनमन यांनी एक साधी कल्पना पुढे केली.

एक काठी घ्या. तिच्यावर दोन मणी ओवा. मणी सरकू शकतात, पण काठीला किंचित घासतात. आता गुरुत्वलहर आली की मण्यांमधील अंतर कमी-जास्त होईल, मणी काठीवर घासतील आणि घर्षणाने काठी तापेल. ही उष्णता आली कुठून? लहरीतूनच. म्हणजे लहर ऊर्जा वाहून नेते. म्हणजेच ती खरी आहे.

८/
वीस वर्षे रेंगाळलेल्या वादाची दिशा या काठी-मण्यांनी पालटली. हर्मन बाँडी यांनी लवकरच असाच युक्तिवाद प्रसिद्ध केला. श्रोत्यांमध्ये जोसेफ वेबर नावाचे एक अभियंता-भौतिकशास्त्रज्ञ होते. लहरी खऱ्या असतील तर त्या पकडताही येतील, या ईर्षेने ते परतले आणि ॲल्युमिनियमचे भलेमोठे दंडगोल टांगून त्यांनी शोध आरंभला. १९६९ मध्ये त्यांनी लहरी सापडल्याचा दावा केला. इतरांनी तशीच उपकरणे बांधली. पण कोणालाही काही सापडले नाही. दावा टिकला नाही. मात्र प्रयोगाचे दार वेबर यांनीच उघडले, हे श्रेय त्यांच्याकडून कोणी हिरावून घेतलेले नाही.

९/
पुढचा टप्पाही परिषदेतच गाठला गेला. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची एक जोडी सापडली. त्यांपैकी एक तारा स्पंदक होता. त्यांची कक्षा हळूहळू आक्रसत होती आणि ती नेमकी तेवढीच, जेवढी ऊर्जा गुरुत्वलहरींवाटे निघून जावी असे सिद्धान्त सांगत होता. डिसेंबर १९७८ मध्ये म्युनिकच्या परिषदेत टेलर यांनी हे निष्कर्ष मांडले. हा पुरावा अप्रत्यक्ष होता, तरी भक्कम होता. या जोडीच्या शोधासाठी १९९३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१०/
या साऱ्यात भारत कुठे होता? विद्वत्तेत मागे नव्हता, पण त्या सभागृहांपासून दूर होता.

मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षता शिकवत. त्यांच्याकडे काम करणाऱ्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे अचूक गणित सोडवले. पाश्चात्त्य जगाला त्याचे मोल कळायला बरीच वर्षे जावी लागली. कोलकात्यात अमलकुमार रायचौधुरी यांनी जवळजवळ एकट्याने एक समीकरण शोधले. १९५३ मध्ये पाठवलेला त्यांचा निबंध १९५५ मध्ये छापून आला. पुढे पेनरोझ आणि हॉकिंग यांच्या प्रमेयांचा तोच पाया ठरला.

११/
चॅपल हिलच्या श्रोत्यांत असल्यामुळे वेबर यांना आयुष्यभराचा विषय मिळाला. वैद्य आणि रायचौधुरी यांचे काम मात्र टपालाच्या वेगाने जगापर्यंत पोहोचले. छापील निबंध सर्वांना सारखाच वाचता येतो. पण फळ्याजवळ उभे राहून विचारलेला आडवा प्रश्न, चहाच्या वेळी कानी पडलेली अर्धी कल्पना, या गोष्टी निबंधात उतरत नाहीत. त्या सभागृहात असणाऱ्यालाच मिळतात.

१२/
हे अंतर विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांनी जवळून पाहिले होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह काम करून ते १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केलेल्या आयुकाचे ते संस्थापक-संचालक झाले. ‘आंतरविद्यापीठ केंद्र’ हे शब्द संस्थेच्या नावातच आहेत. लहानशा विद्यापीठात एकट्याने खगोलशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने इथे यावे, ग्रंथालय वापरावे, जगभरच्या तज्ज्ञांशी बोलावे, हा त्यामागील हेतू. रायचौधुरींना जे मिळाले नाही, ते पुढच्या पिढीला मिळावे, असेही म्हणता येईल.

१३/
आता पुन्हा डिसेंबर १९९७ कडे. अमेरिकेत लायगोच्या दोन वेधशाळा उभ्या राहत होत्या. त्यांना अजून कोणतीही लहर सापडलेली नव्हती आणि सापडेलच याची हमी नव्हती. पुण्याच्या व्यासपीठावर कार्लो रोव्हेल्ली यांनी पुंज-गुरुत्वाच्या परस्परविरोधी मार्गांचा आढावा घेतला. कोणता मार्ग किती लोक चोखाळत आहेत हे दाखवण्यासाठी त्यांनी संगणकीय संग्रहातील निबंधांची चक्क मोजदाद केली होती. यजमान नारळीकर स्वतः महास्फोट सिद्धान्ताचे ठाम टीकाकार. प्रस्थापित मताच्या विरोधात उभ्या असलेल्या माणसाच्या संस्थेत, त्याच मताचे अनुयायी मानाने बोलत होते. परिषदेचे शोधनिबंध नरेश दधिच आणि नारळीकर यांनी संपादित केले.

१४/
या शोधातील भारतीय वाटा आयुकात आधीच आकार घेऊ लागला होता. अडचण अशी की लहर यंत्रापर्यंत पोहोचलीच, तरी ती गोंगाटात बुडालेली असणार. विसर्जन मिरवणुकीच्या ढोल-ताशांत ओळखीच्या माणसाची हाक आपण टिपतो, कारण तो आवाज आपल्याला आधीच ठाऊक असतो. तसेच इथेही करावे लागते : अपेक्षित लहरीचा नमुना आधी तयार करायचा आणि नोंदींवर तो जुळवून पाहायचा. पण ताऱ्यांची वस्तुमाने ठाऊक नसताना नमुने किती घ्यायचे आणि किती अंतराने? संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये याचेच गणित मांडले.

त्याच सुमारास बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेतील बाला अय्यर लहरींच्या नेमक्या आकाराच्या आकडेमोडीत परदेशी सहकाऱ्यांबरोबर गुंतले होते. त्याआधी, १९७० मध्ये, सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी धक्का बसलेले कृष्णविवर घंटेसारखे निनादत शांत होते, हे दाखवले होते.

१५/
१४ सप्टेंबर २०१५, भारतीय वेळेनुसार दुपारचे ३ वाजून २० मिनिटे. लायगोच्या दोन्ही वेधशाळांमधील चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजा प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतराने थरथरल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या अंदाजे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. पहिली चाहूल लागली ती नमुन्यांवर न विसंबणाऱ्या एका शोधपद्धतीने. पण हा योगायोग नव्हे, याची खात्री पटली ती नमुने जुळवण्याच्या पद्धतीने.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये घोषणा झाली, तेव्हा पुण्यात रात्रीचे नऊ वाजले होते आणि त्याच वेळी आयुकातही पत्रकार परिषद भरली होती.

१६/
परिषदेचे दार केवळ तज्ज्ञांसाठीच उघडे असावे काय? आयुकाने याचे उत्तर कृतीतून दिले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शालेय विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने सुरू झाली. बिबवेवाडी असो वा औंध, शाळा शहराच्या कोणत्याही भागातील असली तरी चालते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी संस्था सर्वांसाठी खुली होते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत : पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्राच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे हे नाव पु. ल. देशपांडे यांचेही स्मरण करून देते.

१७/
आणखी एक दुवा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नंतर उलगडा झाला की हे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने मांडली होती. नावाच्या वजनाविना आपले लेखन पारखले जावे, अशी त्यांची इच्छा होती. १९३६ मध्ये आइन्स्टाइन यांना जी अनाम पारख अपमानास्पद वाटली, ती इथे एका शास्त्रज्ञाने आपण होऊन स्वीकारली.

१८/
कथा अजून चालू आहे. लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. जागा आहे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ. अमेरिकेपासून इतक्या दूर वेधशाळा असली, तर लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या दिशेने आली, हे कितीतरी अचूक सांगता येईल.

वैद्य आणि रायचौधुरी यांना जगाच्या सभागृहाबाहेर उभे राहून काम करावे लागले. लायगो-इंडिया पूर्ण झाल्यावर या विषयातील जगाला मराठवाड्यातील नोंदींची वाट पाहावी लागेल. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. ती वेधशाळा सुरू झालेली पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

(धागा समाप्त)