बाहुल्यांची शाळा

जपानातील ओसाड शाळांच्या छायाचित्रांत पाठीवर मोळी घेऊन पुस्तक वाचणारा निनोमिया किंजिरो अनेकदा दिसतो. मुले गेली, पुतळा राहिला! १८७२ साली मेइजी सरकारने गावोगाव शाळा काढण्याचा हुकूम सोडला. खर्च मात्र बव्हंशी गावांच्याच माथी मारला. १८७३ साली, सक्तीच्या लष्करभरतीवरही संतापलेल्या शेतकऱ्यांनी काही ठिकाणी शाळा जाळल्या. पुढे त्याच शाळा गावाचा जीव झाल्या. आता खेडी म्हातारी झाली आहेत. २००२ ते २०२० या काळात आठ हजारांवर शाळा मिटल्या. शिकोकू बेटावरील नागोरोची शाळा २०१२ साली बंद पडली, तेव्हा गावातील एका बाईंनी तिथे माणसाएवढ्या बाहुल्या बसविल्या. छायाचित्रकार तिकडेच धावतात. मला विचाराल, तर काही शाळांतून आता वृद्धांची शुश्रूषा चालते, तिथली चित्रे पाहावीत. त्याच वर्गांत पाढे म्हटलेली माणसे कदाचित तिथे पुन्हा येऊन बसली असतील.