मडगार्डमधली स्टेपनी

घाटकोपरला एलबीएस मार्गावर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे जा, जादा चाकाला तो 'स्टेपनी'च म्हणणार. हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, टायर चढवलेली एक रिम बनवली. पंक्चर झालं की ती त्याच चाकाला बाहेरून जखडायची आणि पुढे निघायचं. नंतर मोटारींची चाकं सहज काढता येऊ लागली, अख्खं पाचवं चाकच सोबत आलं. नाव मात्र टिकलं.

पण ते ठेवायचं कुठे? आजच्यासारखी डिकी तेव्हा बहुतेक गाड्यांना नव्हती. मग एकतर मागे टांगायचं, नाहीतर पुढच्या मडगार्डमध्ये खळगा करून उभं बसवायचं. दोन्ही बाजूंना अशी चाकं असणं ही १९३० च्या आसपासची ऐट होती. त्यात विज्ञानही आहे. काठीच्या टोकाला वजन बांधून ती मधोमध धरून फिरवा, मग तेच वजन मधल्या भागात बांधून फिरवा. दुसऱ्या वेळी जोर कमी लागतो. बाजूचं चाक दोन आसांच्या मधे येतं, मागचं मात्र मागच्या आसापलीकडे लोंबतं.

आता काही हौशी मालकांना साध्या मडगार्डच्या गाडीलाही बाजूची स्टेपनी हवी असते. नुसता पत्रा हे वजन पेलत नाही. भार ब्रॅकेटमधून चासीवर जायला हवा. दार आणि बॉनेट नीट उघडायला हवं. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचं चाक खळग्याला घासता कामा नये. खळग्याच्या तळाला पाणी जायला भोक हवं, नाहीतर मुंबईचा पावसाळा तो गंजवणारच.

खरा प्रश्न मात्र मडगार्ड कापण्याचा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीत गाड्यांची जोडणी सुरू केली. मुंबईतली एखादी शेवरोले मूळची कशी होती, याचा पुरावा परदेशी कॅटलॉगपेक्षा तिच्या पत्र्यात जास्त सापडतो: कारखान्यातला खळगा, बुजवलेली भोकं, रंगाचे थर. पत्रा कापला की हा पुरावा भंगारात गेला. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते.

म्हणून हौस असेल तर खळग्याचं वेगळं मडगार्ड मिळवा आणि जुन्याच बोल्टांच्या जागी बसवा. मूळचं मापं-फोटोंसकट जपून ठेवा. उद्या कुणाला ते परत चढवता आलं पाहिजे.